खरं असो खोटं, पुढे पाठवलं! (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी एवढंच विचारलं होतं की मोबाईलवर आलेली एखादी गोष्ट खरी धरून तुम्ही काही केलंत आणि नंतर ती खोटी निघाली, असं कधी झालंय का. उत्तरं येतील असं वाटलं होतं, आले ते प्रश्न, आणि काही प्रश्न तर वाचून दोन दिवस डोक्यातून जाईनात. सगळे इथे घेता येणार नाहीत. जे घेतलेत त्यांच्यावर जरा सविस्तर बोलूया.

मी धुळे जिल्ह्यातली. घरात दोन लहान नातवंडं आहेत. आमच्या भिशीच्या ग्रुपवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा मेसेज आला, सोबत व्हिडिओ पण होता. मी लगेच माहेरच्या, सासरच्या, सोसायटीच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. मुलगा चिडला, म्हणतो आई हे खोटं आहे. मी म्हटलं अरे खरं असो खोटं असो, सावध केलेलं बरं ना? खोटं निघालं तर कुणाचं काय गेलं? तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?
— एक आजी

आजी, तुमच्या मनात नातवंडांची काळजी होती, त्याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण "कुणाचं काय गेलं" याचं उत्तर तुमच्याच जिल्ह्यात आहे म्हणून मी हा प्रश्न सगळ्यात आधी घेतलाय.

साक्री तालुक्यातलं राईनपाडा तुम्हाला माहीत असेल. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून तिथे उतरले, बहुतेक सगळे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. या समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरतात, आपल्या आज्या त्यांना दारात पीठ-तांदूळ घालायच्या. त्या आधीचे कित्येक दिवस त्या भागातल्या मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला असं कुणाला तरी दिसलं, आणि कुणीतरी ओरडलं. मग काय, बाजारातली गर्दी धावून आली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्या पाचही जणांना मारून मारून संपवलं. त्यांच्याकडे पळवलेलं एकही मूल नव्हतं. त्याच रात्री मालेगावातही जमावाने काही लोकांना असंच घेरलं होतं, तिथे पोलीस वेळेवर पोचले म्हणून ती माणसं वाचली.

आता त्या व्हिडिओबद्दल सांगते. त्या काळात देशभर जो सगळ्यात जास्त फिरला तो असा होता: मोटरसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांतून एकाला उचलतात आणि पसार होतात. बघून अंगावर काटा येतो. पण तो व्हिडिओ पाकिस्तानातल्या कराचीचा, आणि ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली एक जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते मोटरसायकलवाले परत येतात, पोराला सोडतात आणि एक पाटी दाखवतात, की कराचीत मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी हा शेवटचा पाटीचा भाग कापून टाकला आणि उरलेला आपल्याकडे सोडून दिला. म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी बनवलेली गोष्ट, तिचं शेपूट कापल्यावर माणसं मारायला कारण झाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते.

तर आजी, गेलं ते कुणाचं? तुमच्या ग्रुपमधल्या कुणाचंच नाही. गेलं ते अशा माणसांचं जी कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हती, ज्यांचं पोटच मुळी अनोळखी गावात फिरण्यावर होतं. खोट्या इशाऱ्याची किंमत पाठवणारा कधीच भरत नाही, म्हणून तर पाठवताना ती दिसत नाही.

आणखी एक बघा. तो मेसेज आता पुन्हा उघडा आणि त्यात कुठलं गाव, कुठली तारीख, कुठलं पोलीस ठाणं हे लिहिलंय का ते शोधा. बहुतेक नसेलच, "आपल्या भागात", "काल रात्री", "सगळीकडे पसरवा" एवढंच असेल. आता असा मेसेज वाचून माणूस करणार काय? दाराला कडी तर तो रोजच लावतो. त्याच्या हातात एकच उरतं, अनोळखी चेहरा दिसला की घाबरणं. खरा इशारा असतो तो उपयोगाचा असतो, अमुक रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेलाय, तिकडून येऊ नका, असा.

मीही एकदा चुकलेय, ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक मूल हरवल्याचा मेसेज, फोटो, खाली वडिलांचा नंबर, मी रडत रडत पन्नास जणांना पाठवला. नंतर एका मैत्रिणीने त्या नंबरवर फोन केला तर ते मूल कधीचंच सापडलं होतं आणि त्या माणसाला अजूनही दिवसाला कितीतरी फोन येत होते. मैत्रिणीला जे सुचलं ते मला का सुचलं नाही? नंबर समोर होता! एक फोन करायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या चौपट वेळ मी पाठवण्यात घालवला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपला फॉरवर्ड करता येईल असा नियम केला, पुढे 2019 मध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजला दोन बाण दिसायला लागले आणि 2020 मध्ये तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो असं केलं. चांगलंच झालं. पण तुमच्या नावाला जो मान आहे त्याला कुठलीच कंपनी मर्यादा घालू शकत नाही. "आजींनी पाठवलंय म्हणजे खरंच असणार" असं म्हणून मेसेज पुढे जातो. म्हणून माझी एक विनंती आहे, ज्या ज्या ग्रुपवर टाकला त्या त्या ग्रुपवर आज दोन ओळी लिहा, की मी पाठवलेला तो मेसेज खोटा होता, चूक झाली. मूल खरोखर अडचणीत दिसलं तर 1098 किंवा 112 ला फोन करायचा, हेही त्यातच लिहा. कमीपणा वाटेल, थोडा वेळ. पण तुमचं बघून आणखी दोघी-तिघी लिहितील.

सासरे 71 वर्षांचे आहेत, बारा वर्षं बीपीची गोळी चालू होती. कुठल्यातरी फॉरवर्डमध्ये वाचलं की रोज सकाळी अमुक रस घेतला की गोळी लागत नाही, औषध कंपन्या हे लपवतात. गेले तीन आठवडे गोळी बंद. म्हणतात मला काहीच होत नाहीये, उलट फ्रेश वाटतंय. आम्ही काही बोललो की तुम्ही शिकलेले स्वतःला शहाणे समजता म्हणतात. काय करावं?
— सून, सांगली जिल्हा

ताई, हे उत्तर वाचायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि गोळी बंद आहे हे सांगा, बाकीचं नंतर.

आता बाबांचं म्हणणं. "मला काहीच होत नाहीये" हे ते खोटं बोलत नाहीयेत, खरंच काही होत नसणार, कारण वाढलेलं बीपी बहुतेक वेळा जाणवतच नाही, आतल्या आत मूत्रपिंडाला, हृदयाला, मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्रास देत राहतं. म्हणजे इथे "बरं वाटणं" हा पुरावाच होऊ शकत नाही. हे त्यांना वाद घालून पटणार नाही. बीपी मोजायचं मशीन घरी आणा किंवा कुणाचं तरी आणा, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून त्यांनाच मोजू द्या आणि वहीत त्यांच्याच हाताने लिहू द्या. मशीन तुमच्या बाजूचं नाही, त्यांच्याही बाजूचं नाही, म्हणून ते ऐकतील अशी आशा जास्त. आणि चार दिवसांची वही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या, रसाचंही तिथेच विचारू द्या. गोळी किती, केव्हा, ते डॉक्टर ठरवतील.

बोलताना एक पाळा, नातवंडांसमोर किंवा ग्रुपवर त्यांना खोटं पाडू नका. आयुष्यभर ज्याचा शब्द घरात शेवटचा होता त्या माणसाला सगळ्यांसमोर चूक ठरवलं की तो चूक जास्तच घट्ट धरून बसतो. बाजूला बसून विचारा, "बाबा, हे कुणी लिहिलंय? त्यांचं नाव-गाव आहे का?" आणि नाव असलं तरी थांबू नका. गरम नारळपाण्याने कॅन्सर बरा होतो असा मेसेज मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधल्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने फिरला होता, शेवटी हॉस्पिटललाच सांगावं लागलं की आम्ही असं काही म्हटलेलं नाही. कॅन्सरच्या पेशंटचे नातेवाईक कसल्या अवस्थेत असतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल असल्या मेसेजचा मला एवढा राग का येतो.

आणि कंपन्या लपवतात म्हणाल तर, कंपन्या धंदा करतात हे खरंच आहे, त्यांना प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण मग रस विकणाऱ्याला आणि त्याच्या चॅनेललाही तोच प्रश्न विचारा ना.

सप्टेंबर 1995 मध्ये गणपती दूध प्यायला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. डोंबिवलीत रांगेत उभं राहून मी स्वतःच्या हाताने दूध पाजलंय, चमच्यातलं दूध कमी होताना माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ऐकीव गोष्ट नाही ही. मग ते खोटं कसं?
— एक वाचक, ठाणे जिल्हा

काका, तुम्ही पाहिलंत ते खोटं नाहीच. 21 सप्टेंबर 1995 ला दिल्लीपासून परदेशातल्या देवळांपर्यंत लाखो लोकांनी चमच्यातलं दूध कमी होताना पाहिलं. प्रश्न एवढाच आहे की तुम्ही "दूध कमी झालं" हे पाहिलंत का "गणपती प्यायला" हे पाहिलंत? पहिली गोष्ट डोळ्यांनी पाहिली, दुसरी मनाने जोडली. दोन्हींच्या मधली जी फट आहे ना, तिथेच थांबून विचार करायचा असतो.

घरी करून बघा. चमचा काठोकाठ भरा, इतका की दूध काठाच्या जरा वर फुगल्यासारखं दिसेल. चमचा किंचित कलता धरून त्याचा काठ एखाद्या ओल्या दगडी किंवा मातीच्या वस्तूला टेकवा, पाट्याची उभी बाजू चालेल, ओली पणती चालेल. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो, कडेला ओली वस्तू लागली की तो ताण मोडून दूध तिकडे ओढलं जातं आणि मग स्वतःच्या वजनाने पातळ थर होऊन खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर हा थर दिसतच नाही. त्या वेळी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं तेव्हा मूर्तीवरून खाली येणारा ओघळ सगळ्यांना दिसला. तुम्ही चिमूटभर हळद घाला.

देव आहे की नाही हा वाद मी इथे घालत नाहीये. तुमची श्रद्धा तुमची. देवळात दूध अर्पण करणारा माणूस मला परका नाही. पण त्या दिवशी गाभाऱ्यातल्या फरशीवर सगळीकडे दूध साचलं होतं, तेही तुम्ही पाहिलंच असणार, मग त्याच्याबद्दल कुणालाच काही का वाटलं नाही, याचा विचार मी बरेचदा करते. रांगेत आपल्या पुढच्या शंभर जणांना दिसलं म्हटल्यावर एकशे एकावा काय पाहणार ते आधीच ठरलेलं असतं.

दिवाळीत नासाने काढलेला भारताचा फोटो, सगळा देश रंगीबेरंगी उजळलेला, तो मी दरवर्षी स्टेटसला ठेवते. या वर्षी मैत्रिणीने सांगितलं फेक आहे. पण त्यातून आपल्या देशाचं कौतुकच होतंय ना, कुणाचं वाईट तर होत नाही?
— कॉलेज विद्यार्थिनी, लातूर

तो फोटो म्हणजे मुळात फोटोच नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेतल्या शास्त्रज्ञाने उपग्रहांच्या माहितीवरून बनवलेला तो नकाशा आहे, 1992 ते 2003 या काळात भारतात रात्रीचे दिवे कुठे कुठे वाढत गेले ते दाखवणारा. पांढरे दिवे 1992 च्या आधीपासूनचे, मग निळे, हिरवे, आणि लाल म्हणजे 2003 मध्ये नव्याने दिसलेले. नासाने नंतर खराखुरा दिवाळीतल्या एका रात्रीचा फोटोही प्रसिद्ध केला, 12 नोव्हेंबर 2012 चा, आणि सोबत सांगितलं की दिवाळीचा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा ओळखूही येणार नाही.

आणि मला विचारशील तर खरा नकाशा जास्त सुंदर आहे. अकरा वर्षांत कुठे कुठे वीज पोचली, कुठली शहरं फुगली, कुठे अंधार तसाच राहिला, हे सगळं त्यात आहे. तुझा लातूर जिल्हा शोध त्यात! खोट्या कॅप्शनने आपण हे सगळं फेकून देतो आणि उरतं काय, तर एक स्टेटस.

"कौतुकच होतंय ना" हे मात्र जपून. जी गोष्ट आपल्याला आवडते ती आपण तपासतच नाही, हे माझंही होतं. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं हा मेसेज असाच वर्षानुवर्षं फिरतोय, युनेस्कोने तसं काहीही जाहीर केलेलं नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजारच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सापडेल, असं तर काही टीव्ही चॅनेलवरही सांगितलं गेलं. काळा पैसा पकडला जावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून त्या चिपला वीज कुठून मिळणार हा साधा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. आता तर ती नोटच 2023 मध्ये चलनातून मागे घेतली.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि म्हणूनच मी कुणावरच विश्वास ठेवत नाही. डॉक्टर, सरकार, शास्त्रज्ञ, सगळे विकले गेलेत. लसीबद्दल मी स्वतः इंटरनेटवर सहा महिने रिसर्च केलाय. तरी मलाच लोक अंधविश्वासू म्हणतात. शंका घ्या असं तुम्हीच म्हणता ना?
— इंजिनिअर, नागपूर

दादा, शंका घेणं आणि उत्तर आधीच ठरवून ठेवणं हे वेगळं आहे. सहा महिन्यांत तुम्ही असं काही वाचलंत का, की जे खरं निघालं असतं तर तुमचं मत बदललं असतं? हा प्रश्न मी टोचायला विचारत नाहीये, मीही स्वतःला विचारते आणि कधी कधी उत्तर द्यायला अवघड जातं.

लसीचा विषय काढलात म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, आपल्या मुंबईची आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन नावाचा, आजच्या युक्रेनमधल्या ओडेसाचा शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत लशीवर काम करत होता आणि 10 जानेवारी 1897 ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण "मला काही झालं नाही" एवढ्यावर तो थांबला नाही. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि दोन्हीकडे किती आजारी पडले ते मोजून तुलना केली. एकाच इमारतीत, एकच अन्न खाणारी माणसं. तुमचा सहा महिन्यांचा रिसर्च आणि हे, यातला फरक बघा, वाचणं वेगळं आणि तुलना करून मोजणं वेगळं.

पण गोष्ट इथे संपत नाही, पुढचा भाग तुम्हाला आवडेल. 1902 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात प्लेगची लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले. सरकारी चौकशी समिती बसली, तिने ठपका ठेवला मुंबईच्या परळमधल्या प्रयोगशाळेवर, हाफकिनला पदावरून दूर केलं. आता सरकारी समितीच ती, मोठमोठे लोक, विश्वास ठेवायला नको? पण काही जणांनी कागद पुन्हा तपासले. त्या दिवशी 107 जणांना लस दिली होती, आणि मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतले, 53-एन नंबरच्या. दुसऱ्या बाटल्यांतल्या कुणाला काही नाही. बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता, आणि आत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढलेले असते तर घाण वास यायला हवा होता. आणि बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तोच नीट निर्जंतुक न करता वापरला, हेही नोंदीत होतं. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली आणि तो निर्दोष ठरला. आज परळच्या त्या संस्थेला त्याचंच नाव आहे.

म्हणजे सरकारची समिती चुकू शकते हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण तिला खोटं ठरवलं ते "सगळे विकले गेलेत" असं म्हणून नाही हो, कुठली बाटली, किती माणसं, वास होता की नव्हता, चिमटा कुठे पडला, असं एकेक विचारत गेले म्हणून. आणि तपासात काही वेगळं निघालं असतं तर तेही त्यांना मान्य करावं लागलं असतं. कुणावरच विश्वास न ठेवणं तसं सोपं असतं, त्यात काही तपासावं लागत नाही, आणि अनुभव असा आहे की अशी माणसं शेवटी एखाद्या यूट्यूब चॅनेलवर मात्र पूर्ण विश्वास ठेवतात.

तुमच्या रिसर्चमधला सगळ्यात भक्कम वाटणारा एक मुद्दा मला लिहून पाठवा, मूळ कागदासकट. आपण दोघं मिळून बघू. मी चुकले तर याच सदरात लिहीन.

मी निवृत्त शिक्षिका. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या ड्रेसमधला माणूस म्हणाला तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर जायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. दोन तास मी तशीच बसून होते. शेजारीण आली म्हणून वाचले. एवढी शिकलेली असून मला कळलं कसं नाही?
— एक वाचक, पुणे

ताई, आधी मनातली लाज काढून टाका. भीती घातली की शिकलेल्या माणसाचीही विचार करायची ताकद जाते, आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं, म्हणून तर "कुणाला सांगायचं नाही" ही अट. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कायद्यात कुठेही नाही. खरी अटक झाली तर कारण सांगावं लागतं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, व्हिडिओ कॉलवर पैसे मागून सुटका होत नाही. कॉल कट करायचा, घरातल्या कुणाला तरी लगेच सांगायचं, आणि पैसे गेले असतील तर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर 1930 ला फोन करायचा. तुमचे पैसे वाचले हे किती छान झालं. शेजारणीला हे पान वाचायला द्या.

आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो, रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं गाव. पाठ्यपुस्तकात वैज्ञानिक दृष्टिकोन आहे, मुलं व्याख्या पाठ करतात आणि पेपरात लिहितात, बाहेर मात्र रील्सवर काहीही बघून खरं मानतात, आता तर एआयला विचारतात आणि त्याने सांगितलं की विषय संपला. व्याख्येच्या पुढे कसं जाऊ?
— एक शिक्षक

सर, हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधकबुद्धी वाढवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत आलं, आणि आपण त्याचं काय केलं, तर दोन मार्कांचा प्रश्न.

एआयचं आधी उरकते. मुलांना तुमच्या गावाबद्दलच काहीतरी त्याला विचारायला सांगा, गावात वाड्या किती, ग्रामदेवतेची जत्रा कधी, शाळा कुठल्या साली सुरू झाली. जिथे चुकेल तिथे ते किती आत्मविश्वासाने चुकतं हे मुलांना स्वतः दिसू दे, कारण या उत्तरांपुरते तज्ज्ञ तीच आहेत. वाक्य सफाईदार असणं आणि खरं असणं यांचा संबंध नाही, हे त्यांना तिथे कळेल.

दुसरं, गावात सगळे बिनदिक्कत खरं मानतात अशी एक निरुपद्रवी गोष्ट शोधा. तुमच्याकडे अशी एखादी विहीर असेलच, "हिचं पाणी कधी आटत नाही" असं आज्यापणज्यापासून सांगतात ती. मुलांना आधी घरोघर पाठवा, फक्त एवढं विचारायला की हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि त्यांना कुणी. फळ्यावर साखळी काढा. किती जणांनी स्वतः पाहिलंय आणि किती जणांनी ऐकलंय ते दिसेल. मग दोरीला गाठी मारून, टोकाला दगड बांधून, दर रविवारी कुणीतरी मोठं माणूस सोबत घेऊन पाण्याची पातळी मोजायची आणि तारखेसह लिहायची, जानेवारीपासून पाऊस येईपर्यंत. शेजारच्या दुसऱ्या एका विहिरीचीही मोजा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि हो, यात गावाचं म्हणणं खरंही निघू शकतं. तसं निघालं तर मुलांनी ग्रामसभेत उभं राहून सांगावं की आजोबा बरोबर होते, आम्ही मोजलंय.

एक अवघड गोष्ट राहिली. वर्गात कुणी "सर, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असं विचारलं तर तुम्ही काय कराल? विचारणारच, आज ना उद्या. तेव्हा त्याला खाली बसवू नका, माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्या बघून सांगतो" म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगा. मला शाळेत अशा एकच बाई भेटल्या होत्या, आणि चाळीस वर्षं झाली तरी त्यांनी "उद्या सांगते" म्हणून आणलेली उत्तरं मला आठवतात, बाकीच्यांची नाही.

विहिरीचे मे महिन्यातले आकडे मला नक्की पाठवा. दोन्ही विहिरींचे.